पाण्याची कड

१२ जानेवारी, रविवार

पाणी जमत नाही.

मगर झाली. कातडं, डोळे, पाठीवरचे खवले, सगळं झालं. पण खाणीच्या पाण्याच्या व्हिडिओत घातली की वर तरंगते, जत्रेतल्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखी. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला कळतं. असलं खोटं नेहमी कडेला पकडलं जातं, जिथे वस्तू पाण्याला टेकते तिथे. आमच्या खाणीचं पाणी मधे हिरवं आणि कडेला तांबडं. त्या तांबड्याची झाक तिच्या जबड्याखाली पडली पाहिजे. उद्या परत जातो. स्टीलचा गोळा धरून फोटो काढले की आजूबाजूचा सगळा उजेड त्यात उतरतो. तोच उजेड मग कॉम्प्युटरवर मगरीच्या अंगावर टाकता येतो.

माझी बायको सेजल म्हणाली, "एवढं कशाला? पोरांना तर घाबरवायचंय."

तिच्याच डोक्यातून निघालं हे. ती शिकवते त्या शाळेतला एक मुलगा ऑक्टोबरात त्या खड्ड्यात बुडाला. खाण बंद पडून वर्षं झाली. खड्डा पाण्याने भरलेला, आणि पोरं सुटली की तिकडेच. कुंपण घातलं तर कुणीतरी कापून नेलं. फलक लावला तर त्या फलकावर शर्ट टांगून पोहतात. मध्ये एकदा जेवताना ती म्हणाली, "मगरच येऊन पडली पाहिजे त्यात. मग बघू कोण जातं." आणि हसली. मला तिथेच शॉट दिसला.

मुंबईच्या स्टुडिओने काढल्यापासून पहिल्यांदा काही करावंसं वाटतंय. सिनेमात नसलेल्या वस्तू आणून बसवायच्या, एवढंच मला येतं. इकडे डिचोलीत त्याचं काय करायचं?

१४ जानेवारी

जमलं!

मगर फारशी दाखवलीच नाही. कडेच्या दगडावर नुसता काळा ओंडका. मग तो ओंडका घसरतो. पाठ, शेपूट, आणि वर पाणी मिटतं. कॅमेरा उशिरा हलतो, दचकलेल्या माणसाचा हलेल तसा. मूळ व्हिडिओत एक बगळा एकदम उडालाय. तो माझा नाही, तो खरा. मगर नेमकी त्याच वेळी सरकवली. आता बगळा तिलाच भ्यालासा वाटतो. शेवटी व्हिडिओ स्वतःलाच दोन-तीनदा व्हॉट्सॲपवर पाठवून मुद्दाम खराब करून घेतला. फार स्वच्छ चित्रावर लोक विश्वास ठेवत नाहीत.

सेजलला दाखवला. तिने माझं मनगट घट्ट धरलं. सगळं माहीत असून.

"कोणाला बोलायचं नाही," ती म्हणाली. "बाबांनासुद्धा नाही."

बाबांना तर नाहीच. त्यांनी त्याच खाणीत उभा जन्म मशीन चालवलं. खड्डा त्यांच्या हातचा. त्याची चेष्टा केलेली त्यांना खपणार नाही.

१६ जानेवारी

टाकला. सेजलच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, माझ्याच नावाने. "फिरायला गेलो होतो तेव्हा हे दिसलं. मुलांना सांभाळा." एवढंच लिहिलं.

१७ जानेवारी

संध्याकाळी जाऊन पाहिलं. खड्ड्यावर एकही पोर नाही.

२० जानेवारी

साखळी गावच्या बाजारात एका माणसाने मला माझाच व्हिडिओ दाखवला. वर म्हणाला, "बगळो पळयलो? जनावराक आधी कळता." पळयलो म्हणजे पाहिला.

निखिलचा मेसेज. स्टुडिओत माझ्या वरच्या जागेवर होता. "पाण्याची कड जबरदस्त. तूच ना?" मी लिहिलं, "कसली कड?" त्याने फक्त एक हसरा चेहरा पाठवला. दिवसभर तो मेसेज उघडून बघतोय. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि माझं म्हणून सांगायची सोय नाही.

२३ जानेवारी

वनखात्याची माणसं आली. बरोबर एक तरुण बाई अधिकारी. शांत. तिने मूळ फाईल मागितली. तशी खोटी फाईल मी तयारच ठेवली होती, तारीख-वेळेसकट. फोन पुढे केला.

"मुंबईत तुम्ही नक्की काय काम करत होता?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "सिनेमाचें काम. पण म्हजो पूत फट मारचो ना."

फट म्हणजे खोटं. बाबा खुर्चीतून उठून म्हणाले हे. तिने मान हलवली, आणखी काही विचारलं नाही. जाताना सगळ्यांना सांगून गेली की खात्री होईपर्यंत कोणी पाण्यात उतरू नका. काठावरच्या झाडांना कॅमेरे बांधलेत.

आता हे गंमतीचं राहिलं नाही. पण पोरं तर जात नाहीत ना!

३० जानेवारी

लक्ष्मीमावशीची बकरी हरवली. मगरीने नेली म्हणे. खालच्या वाड्यावरच्या सगुणला संध्याकाळी पाण्यात दोन डोळे दिसले. शेतकऱ्यांचे पुढारी गोकुळदास भाटकार, त्यांना घुरघुर ऐकू आली. लोक मला येऊन सांगतात. कारण मी पहिला. मी ऐकतो, "हो का?" म्हणतो.

आज सकाळी बाबा चहात पोईचा पाव बुडवता बुडवता म्हणाले, "खाण चालू होती तेव्हाच मी तिच्या खुणा पाहिलेल्या. चिखलात. शेंपडी ओढल्याच्या."

"कधी बोलला नाहीत?"

"कंपनीन गप्प रावपाक सांगिल्लें."

बाबा खोटं बोलत नाहीत. ते आठवून सांगत होते. डोळे बारीक करून, खरंच काहीतरी दिसत असल्यासारखे. सेजलने माझ्याकडे बघितलं आणि ताटल्या उचलून आत गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

हरमलच्या किनाऱ्यावरून भाड्याच्या स्कुटरींवर पर्यटक येताहेत मगर बघायला. काठावर लिंबूसोड्याची गाडी लागली. एकाने कोंबडीचे तुकडे पाण्यात फेकले. सगळे गप्प उभे राहून बघत होते. मीही बघत होतो. तुकडे बुडाले. पाणी हललं, हललं असं वाटलं, आणि मी दोन पावलं मागे सरकलो. मी बनवलंय ते! मला कशाला भीती?

परत येताना मनात आलं, त्या दिवशी तो बगळा कशाला उडाला होता?

सेजल म्हणाली, "थांबवू या हे."

"शिगम्यानंतर सांगू," मी म्हणालो.

१८ फेब्रुवारी

महादेव आला होता. खड्ड्यातलं पाणी शेतांना चढवतात त्या पंपावर तो कामाला आहे. दोडामार्गाकडचा. पंपाच्याच खोलीत तो, बायको दिपाली आणि सेजलच्या वर्गातला त्यांचा मुलगा राहतात. घरात ये म्हटलं तर आला नाही, बाहेर दारापुढच्या ओट्यावर, बाल्कांवावरच बसला. चहा दिला. तो हातात तसाच धरून.

"निहारबाब, तुमी डोळ्यांनी बगितल्यात मा?"

मी मान हलवली. हो की नाही ते मलाच कळलं नाही.

"माका उतराक लागता. पायपाच्या तोंडाची जाळी शेवाळान भरता, मग पाणी चढना नाय. गोकुळदासबाब म्हणतत, वायंगण सुकता, उतर. दिपाली म्हणता, उतरलास तर मी म्हायेराक जातंय." मग खाली बघून म्हणाला, "भियान हात चलनत नाय माजे. खरा सांगा. केवडा आसा ता जनावर?"

वायंगण म्हणजे उन्हाळी भात. सगळी शेतं त्या एका पंपावर. तो नाही उतरला तर दुसरा कोणी उतरेल आणि याची नोकरी जाईल. मी त्याच्याकडे बघितलं. गळ्याशी शीर उडत होती.

उठलो आणि त्याला हाताला धरून आत नेलं. कॉम्प्युटर चालू केला. मगर असलेला व्हिडिओ दाखवला. मग एक बटण दाबून मगर काढून टाकली. नुसता दगड, पाणी, उडणारा बगळा. परत दाबलं, मगर आली. परत काढली.

मला वाटलं आता शिवी देणार. पण तो खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसून हसायला लागला. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

"आणि मी हेच्यासाटी इतक्या राती झोपलंय नाय!"

मी माफी मागितली.

"पोरांसाटी केल्यात मा? मग ऱ्हवांदे. माजो झील पण थंयच पेवाक जाय. आता नाय जायत." झील म्हणजे मुलगा, पेवाक म्हणजे पोहायला. उठताना म्हणाला, "कोणाक सांगूचंय नाय. तुमी पण सांगा नको."

चहा गार झालेला. तो एका घोटात पिऊन गेला.

किती दिवसांनी हलकं वाटतंय. एका तरी माणसाशी खरं बोललो.

२१ फेब्रुवारी

शेतांना पाणी सुटलं. महादेव एकटाच उतरतो म्हणून सगळीकडे त्याच्या धाडसाची चर्चा. रस्त्यात भेटला तर मला डोळा मारला.

४ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळपासून हरमलला होतो. तिथल्या एका हॉटेलला जाहिरातीत समुद्रावर शिडांचं जुनं जहाज हवंय. वाळूत उभा राहून स्टीलचा गोळा धरून फोटो काढत होतो. फोन पिशवीत. परत येताना धारगळला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा पाहिलं, सेजलचे किती फोन. लावला.

"महादेव गेला," ती म्हणाली.

मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं मी असं.

जाळी साफ करायला उतरला होता. पाणी कमी येतंय म्हणून काठावर गोकुळदास भाटकार, सगुण, आमचे बाबा, आणखी चार माणसं जमलेली. सगळे म्हणत होते, पंपाच्या तराफ्यावरूनच बांबूने साफ कर, खाली जाऊ नको. तो हसला आणि उडी घेतली. खाणीच्या वेळचा तारेचा दोर आहे खाली पाण्यात, त्यात पाय अडकला. वर आला. हात वर केला, ओरडला. पाणी ढवळलं. कोणीतरी "मगर" म्हणून ओरडलं. पुन्हा एकदा वर आला. यांनी दोर फेकला. पुरला नाही.

कोणी उतरलं नाही.

त्या काठावर न पोहणारा एक माणूस नव्हता. बाबा स्वतः तरुणपणी पावसात नदी ओलांडून कामावर जायचे.

सेजल म्हणाली, "सगळे एकच सांगतायत, तो हसत उतरला. का हसत होता तो?"

महादेवला मी सांगितलं होतं हे तिला सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खाली बसली.

बाबा खोलीचं दार लावून पडलेत. जेवले नाहीत.

५ मार्च

वनखात्याची माणसं काठावर बंदुका घेऊन उभी राहिली, मग पाणबुडे उतरले. दुपारी मिळाला. पायाला तारेचा दोर दोन वेढे बसलेला. अंगावर दाताची एकही खूण नाही. तरी गर्दीत लोक म्हणत होते, मगरीने ओढला म्हणूनच अडकला.

दिपाली रडत नव्हती. पंपाच्या खोलीच्या दारात मुलाला धरून उभी होती. सगळ्या गर्दीतून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग नजर काढून घेतली.

मी घरी निघून आलो.

६ मार्च

दिपाली महादेवला घेऊन दोडामार्गाकडे गेली, त्याच्या गावी.

सगुण साळदाटी केळ्यांचा घड घेऊन बाबांकडे आला. बाबांच्या पाया पडला. मी दारात उभा होतो. मला म्हणाला, "शर्ट काढलेलो मी. उडी मारतलोच होतो. ह्या शिवदासकाकांनी हात धरलो, सोडलोच ना. म्हणून आज जितो आसा मी."

बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाबांनी धरला. सगुण एवढा दांडगा, तो गेला असता तर महादेवला काढला असता. कदाचित. आणि बाबांनी धरला तो का? मगर आहे म्हणून. मगर आहे हे त्यांना कोणी सांगितलं? मी. त्यांच्या मुलाने. जो खोटं बोलत नाही.

केळी घरात पिकायला लागलीत. वास सगळीकडे.

८ मार्च

बाबांना सांगितलं.

दुपारी जेवण झाल्यावर. सेजल शाळेतून लवकर आली होती, ती दाराशी उभी राहिली. मी बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि महादेवला दाखवलं तसंच दाखवलं. मगर आहे. मगर नाही. आहे. नाही.

"मी केली ही," म्हणालो. "पाण्यात काही नाही बाबा. कधीच नव्हतं."

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा जरा सैल झाला, मला वाटलं आता रडतील. मग मान हलवली.

"ही तू केलीस. बरी केलीस. पण हांवें पळयली ती वेगळी."

"बाबा—"

"त्या दिवशी पळयली. महादेवाच्या मागच्यान. शेंपडी पळयली हांवें." आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. "मगर ओरडलो तो हांव. बाकीच्यांक दिसली ना."

म्हणजे ओरडलेही तेच.

मी काही बोलायला गेलो तर सेजलने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा उठले, भिंतीला धरत खोलीत गेले. थोड्या वेळाने हाक मारून पाणी मागितलं. मी नेऊन दिलं. पिताना म्हणाले, "दिसली म्हणून धरलो त्याका. नायतर कित्याक धरतलों?"

१० मार्च

गोकुळदास भाटकारांकडे गेलो. शेतकऱ्यांचे तेच पुढारी, पंप त्यांच्याच ताब्यात. सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. खिडकीकडे बघत ऐकलं, मग बायकोला सरबत आणायला सांगितलं.

"आणि कोणाक सांगितलंस?"

"बाबांना."

"बरें केलेंस. आता हांगाच थांब." सरबत माझ्याकडे सरकवलं. "मगर नव्हती म्हणालास तर लोक काय विचारतले? मग तुम्ही कोणी उतरला का नाही? आम्ही इतके जण होतो रे काठावर. आम्हाला रोज एकमेकांची तोंडं बघायचीत. आणि सगुणाला धरला कोणी हे कोणी विचारलं तर नांव कोणाचें येतलें?"

मी सरबत प्यालो. तहान नव्हती तरी प्यालो.

१४ मार्च

आमच्या वाड्यावर यंदा शिगम्याचा ढोल नाही. बाबांनी चौकात जाऊन सांगितलं, वाजवू नका.

१९ मार्च

वनखात्याचं सांगणं आलं. इतके आठवडे कॅमेरे लावले, माग काढला, खड्ड्यात मगर असल्याची एकही खूण नाही. त्या बाई अधिकारी स्वतः सांगायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुमचा व्हिडिओ पुढे तपासायला पाठवलाय." अगदी साधेपणाने म्हणाल्या. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. गेटपाशी सांगणार होतो. नाही सांगितलं.

संध्याकाळी बाल्कांवावर बाबा, सगुण आणि दोघे-तिघे. मी आत होतो, खिडकी उघडी. कोणीतरी म्हणालं, "मगर नाय तर मग तो बुडलो कसो? पाण्यात पेवपाक तर एक नंबर."

बाबांचं खाकरणं ऐकू आलं.

मग बाबा म्हणाले, "घेतिल्ली त्याणें. सकाळींच. वास येतालो."

"होय होय," सगुण म्हणाला. "हसतालो मरे तो. शुद्धीत आशिल्लो माणूस असो हसता?"

महादेव दारूला शिवत नव्हता. हे त्या बाल्कांवावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. उद्या सकाळपर्यंत नसेल.

२० मार्च

सगळ्या वाड्याला आता माहीत आहे की महादेव पिऊन उतरला होता. पिठाच्या गिरणीवरच्या बाईने मला किती प्याला होता तेसुद्धा सांगितलं.

दिपाली मुलाला घेऊन परत आलीय. पंपाची खोली महिनाअखेर सोडायची आहे. मुलगा शाळेत आला. सेजल सांगत होती, कोणीतरी त्याला "बेवड्याचो" म्हणालं. त्याने पाटीने मारलं. तिने दोघांनाही शिक्षा केली नाही, बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

२२ मार्च

ठरलं.

मूळ व्हिडिओ, मग मगर, मग सावली, मग पाणी — एक एक पदर कसा चढवला ते दाखवणारा नवा व्हिडिओ केला. शेवटी मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगतो. महादेवला मी खरं सांगितलं होतं म्हणून तो हसत होता, हेही सांगतो. तो प्यालेला नव्हता. काठावर कोण होतं ते सांगत नाही. पण बाबांचं नाव निघणारच. मला पोलिसात बोलावतील. वनखात्याला खोटी फाईल दिली, तेही आहेच.

सेजलने दोनदा बघितला. रडली, तोंड धुऊन आली. म्हणाली, "माझंही नाव घाल. कल्पना माझी होती."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. त्या पोराला मी रोज वर्गात बघते."

नाव घातलं. सोमवारी सकाळी टाकायचा. उद्या दिपालीला आधी जाऊन सांगून येतो. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. बाबांना काय सांगायचं ते अजून कळत नाही.

२३ मार्च, रविवार

मी जायच्या आधी दिपालीच आली. मी सोमवारचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माका ठावक आसा," म्हणाली. "तुमच्याकडसून इले त्याच दिवशी त्येंनी माका सांगितल्यानी." मग म्हणाली, "ता टाका नको. मगर नव्हती म्हणाल्यात तर हे लोक त्येंका आणखी बेवडो करतले. लोकांका दुसरा काय ऱ्हवतला? मगर आसली तर कोणाचोच दोष नाय. तुमच्या बाबांचो पण नाय. माज्या झिलाक पण सांगाक बरा."

सेजल म्हणाली, "दिपाली, अगं काय बोलतेस?"

"तुमका येता मा ता. आणि एक व्हिडिओ करून दिया. ह्येंका मगर न्हेता, असो."

तिने पिशवीतून एक शर्ट काढून खुर्चीवर ठेवला. त्या दिवशी महादेवच्या अंगावर होता तो. इस्पितळातून परत मिळालेला, धुतलेला. "रंग बरोबर येवक व्हयो," म्हणाली आणि गेली.

शर्ट खुर्चीवर आहे. निळा, उन्हाने खांद्यावर विटलेला. मी नाही म्हणालो नाही. भिजल्यावर तो निळा त्या तांबड्या पाण्याच्या कडेला किती काळा दिसेल, याचा विचार करत बसलोय.